ट्रेकवरून आले अन् बोलणंच बंद

"मॅडम, आठ दिवस सोबत राहिलो तेव्हा कळलं, आमचं काही जमत नाही." लातूरला जोडप्यांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी दर सीझनला ऐकते, आधी महाबळेश्वरवरून आलेले म्हणायचे आता हिमालयातून आलेले म्हणतात एवढाच काय तो फरक.

असंच एक जोडपं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लग्नाला दीड वर्ष, पहिलाच मोठा ट्रेक, उत्तराखंडातला हर की दून, सॅक ज्याची त्याच्या पाठीवर. ओसला गावाच्या वर असे भांडले की परतीच्या वाटेवर अबोला, अन् घरी येऊन तीन आठवडे झाले तरी बोलणं चहा-जेवणापुरतंच. तो म्हणे ही मुद्दाम हळू चालते, वर तोंड पाडून. ती म्हणे ह्याला माझं काही पडलेलंच नाही.

मी स्वभावावर बोलूच दिलं नाही. त्या एका दिवसाचं सकाळपासून तासातासाचं सांगा म्हटलं, वेगवेगळं. अन् निघालं काय, तर हा भराभर पुढं जायचा, दगडावर बसून दहा मिनिटं वाट बघायचा, ही पोचली रे पोचली की "चल" म्हणून उठायचा. त्याचा आराम झालेला, हिला बसायलाच नाही, दिवसभर! त्याला हे खरंच कळलं नव्हतं, उलट आपणच किती थांबलो ह्याचा राग. त्यात पाण्याच्या दोन्ही बाटल्या त्याच्या सॅकमध्ये, तिचं ओझं कमी व्हावं म्हणून, चांगल्या मनानंच. पण तहान लागली की वळणापलीकडच्या माणसाला हाका मारायच्या, म्हणून तिनं मारल्याच नाहीत. शिवाय पोरगी लातूरची, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कॉलेजला होती, घोटभर पिऊन बाटली बंद करायची सवय अंगात मुरलेली.

आता आपलं लातूर साधारण 2 हजार फुटांवर, अन् हर की दून साडेअकरा हजारांच्या वर. 8 हजारांच्या पुढं काहींना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, चिडचिड असं सगळं होतं. तिचं डोकं रात्रभर ठणकत होतं, ती म्हणाली "थोडं दुखायलंय", ह्याला ते नाटक वाटलं. (डोकेदुखीसोबत उलट्या झाल्या तर पुढं चढू नका, तोल जायला लागला किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं तर लगेच खाली उतरा, तिथं समुपदेशक कामाचा नाही.)

मी म्हटलं, चिडचिड त्या डोंगरावरच सोडा, बाटलीचं मात्र घरी घेऊन या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही, मग तीच म्हणाली, घरात पैशाचंही असंच आहे मॅडम, मागितले की देतो, कधी नाही म्हणत नाही, पण मागावे लागतात. तो खाली बघत बसला.

मोठा उपदेश काही केला नाही. रविवारी खरोसा लेण्यांच्या टेकडीवर जा म्हटलं, बाटली ज्याची त्याच्याकडं, ती पुढं तो मागं, अन् उठायचं कधी ते शेवटी पोचणाऱ्यानं ठरवायचं.

पुढच्या वेळी आला तो हसतच. "मागं चालणं लई अवघड हो मॅडम."

ती म्हणाली, "ह्यानं दोनदा विचारलं, बसायचं का म्हणून. मी दोन्ही वेळेस नको म्हटलं."

"दमली नव्हतीस?"

"दमले होते की."

आता गुरुवारी तिला एकटीला बोलावलंय.