म्हाताऱ्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

रस्त्यावरून उचलून आणलेल्या तुमच्या कुत्र्याची किडनी गेलीय, डॉक्टर कायमचं झोपवायचं इंजेक्शन सुचवतायत आणि तुमचं मन होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी आमच्या कुत्र्याचं, चिखल्याचं सांगतो. आधीच कबूल करतो, मी चार दिवस उशीर केला.

२०१९ च्या ऑगस्टमधला कोल्हापूरचा पूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बंद. पाणी उतरल्यावर प्रयाग चिखलीला मामाच्या घरातला गाळ काढायला गेलो, तर गोठ्याच्या पत्र्यावर हे बसलेलं. किती दिवस, कुणास ठाऊक. खाली उतरवलं, तर गावात कुणीच 'आमचं' म्हणेना. गावावरून आणि अवतारावरून नाव पडलं चिखल्या. पुढं पाऊस लागला की हे कॉटखाली जायचं, आणि आई त्याला पंचगंगेची पातळी मोठ्यानं वाचून दाखवायची. "एकोणतीस फूटच हाय रे, झोप गप."

चिखल्याचीही किडनीच गेली. किडनीचा जवळपास पाऊण भाग निकामी होईपर्यंत रक्तात क्रिएटिनिन (किडनी एरवी बाहेर टाकते ती घाण) वाढलेलं दिसत नाही, म्हणून 'आधी का कळलं नाही' असं स्वतःला खात बसू नका. आम्ही दोन महिने घरीच कातडीखाली सलाईन दिलं. बाटली खिडकीच्या गजाला अडकवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. डॉक्टरांनी एकदा दाखवलं की जमतं.

आई ज्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब मांडते, त्यावरच मी खुणा करायचो. बरा दिवस असेल तर टिक, वाईट असेल तर फुली. बरा म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवा, नाहीतर आपण रोज सोयीचं बघतो. आमचं ठरलेलं: स्वतःहून खाल्लं, लघवीला उठून बाहेर गेलं, गेट वाजल्यावर मान उचलली. यातलं दोन तरी. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरांना फोन.

फुल्या जास्त झाल्या. मी फोन केला नाही. "रविवारी धाकटी पुण्याहून येतीय, तिला भेटू दे," म्हणालो. त्या दिवसांत त्याच्या तोंडात छाले पडले, पाणीसुद्धा पोटात ठरेना. ते चार दिवस मी माझ्यासाठी काढून घेतले. रविवारी आईनं आजार कळल्यापासून बंद केलेलं मटण शिजवलं, तिखट-मीठ-कांदा काही न घालता. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली. बुधवारी दिलं असतं तर खाल्लं असतं.

डॉक्टर घरी येतात का, ते विचाराच. आमचे आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, त्यात ते गाढ झोपलं. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, एक-दोन मिनिटांत हृदय थांबलं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास येतो, लघवी होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं; मी "थांबा, जिवंत हाय" म्हणून ओरडलो. तुम्ही ओरडू नये म्हणून लिहितोय. आणि तिथंच बसा, हात त्याच्या मानेवर ठेवा.

पुरायचं असेल तर खड्डा चार फूट तरी खोल हवा, विहिरी-बोअरपासून लांब. उथळ पुरलं तर दुसरी कुत्री उकरतात, आणि ते औषध त्यांनाही बाधू शकतं.

मामा म्हणाला, आमच्या रानात आणा, चिखलीलाच. आई नको म्हणाली. "तिथं दर पुराला पाणी येतंय. त्याला परत पाण्यात ठेवायचं न्हाई."

मग जोतिबाच्या डोंगराकडं मित्राचा माळ आहे, तिथं उंचावर पुरलं त्याला.