डाएट आणि रोजचा व्यायाम करूनही वजन का उतरत नाही?
दोन महिने डाएट, रोज व्यायाम, तरी काटा हलत नाही म्हणताय, तर आधी तेल मोजा. अंदाजाने नाही, चमच्याने. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी. अर्धा तास चालून जेमतेम तेवढ्याच जळतात. स्वयंपाक करताना चव बघणं, मुलांच्या ताटात उरलेलं संपवणं, हेही पोटातच जातं (हिशेबात मात्र कधी येत नाही!).

व्यायाम नवा असेल तर स्नायू काही आठवडे पाणी धरून ठेवतात आणि चरबी घटली तरी काटा तिथेच दिसतो, म्हणून कंबरेला टेप लावून बघा. मोजूनमापून खाऊनही महिनाभरात फरक नसेल तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. स्टेरॉइडसारखी वजन वाढवू शकणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.