बेसबॉल शंकासमाधान : छोट्या शहराचा संघ आणि सहा वर्षांचं घड्याळ

प्रश्न : मिलवॉकी ब्रूअर्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कॉर्बिन बर्न्ससारखा हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) बाल्टिमोरला देऊन टाकला. चांगला चाललेला संघ असं का करतो?

उत्तर : कारण घड्याळ. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. बर्न्सची सहा वर्षं २०२४चा हंगाम संपताच भरत होती. मिलवॉकीकडे विकण्याजोगा उरला होता त्याचा एकच हंगाम, तोही सुमारे दीड कोटी डॉलर पगाराचा. नंतर ॲरिझोनाने त्याला सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलर दिले. एका हातावर एवढा पैसा लावला आणि कोपर दुखावलं, तर छोटा संघ पाच वर्षं उठत नाही.

बदल्यात जोई ऑर्टिझ, डीएल हॉल आणि ड्राफ्टमधली (नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याची वार्षिक पद्धत) ३४वी निवड मिळाली. ऑर्टिझने त्या वर्षी तिसरा बेस सांभाळला आणि पुढच्या वर्षी विली अदामेस गेल्यावर शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा). अदामेसच्या बाबतीत संघाने उलटा डाव खेळला : शेवटपर्यंत ठेवलं, मग एका वर्षासाठी २ कोटी १० लाखांची ‘क्वालिफाइंग ऑफर’ दिली. तो ती नाकारून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि भरपाई म्हणून ड्राफ्टमधली जादा निवड पदरात पडली. दोन्ही वाटा चालतात. फसतो तो संघ, जो वेळेत विकतही नाही आणि ऑफरही देत नाही. ब्रूअर्सचं म्हणाल तर २०२४ मध्ये ९३ विजय, २०२५ मध्ये ९७. तेवढे त्या वर्षी दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

प्रश्न : तयार झालेल्या तरुण खेळाडूला एप्रिलमध्ये मायनर लीगमध्येच (खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये) का बसवून ठेवतात?

उत्तर : इथे हिशेब दिवसांचा आहे. हंगाम साधारण १८६-१८७ दिवसांचा, पण मुख्य संघात १७२ दिवस भरले की एक वर्ष धरलं जातं. पहिले दोन-सव्वादोन आठवडे खेळाडूला खाली ठेवलं तर बेरीज १७१वर अडकते आणि सहाच्या जागी जवळजवळ सात हंगाम हाती राहतात. त्यातल्या पहिल्या तीन वर्षांत पगार किमान दराच्या आसपास असतो (२०२४ मध्ये ७ लाख ४० हजार डॉलर). पुढे लवादाची वर्षं, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर तो लवाद ठरवतो. तेव्हा पगार दरसाल चढतो, तरी खुल्या बाजारापेक्षा कमीच. पंधरवड्याच्या बदल्यात एक अख्खं वर्ष! हा डाव काही गरिबांचीच मक्तेदारी नाही. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला नेमके १७१ दिवस दिले. त्याची तक्रार पुढे फेटाळली गेली.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२च्या करारात मात्र यावर तोड काढली आहे. नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, मग तो कधीही आलेला असो. पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला ११ मे २०२४ रोजी उतरवलं. त्याने पुरस्कार जिंकला आणि वाचवलेलं वर्ष संघाच्या हातून गेलं. आता तो २०२९नंतर मोकळा.

म्हणून काही संघ आधीच दीर्घ करार करतात. जॅक्सन चौरिओने मेजर लीगचा एकही सामना खेळायच्या आत, डिसेंबर २०२३ मध्ये, मिलवॉकीने त्याला आठ वर्षांसाठी ८ कोटी २० लाख दिले आणि आणखी दोन वर्षांचा पर्याय स्वतःकडे ठेवला. पोरगा चालला नाही तरी पैसे द्यावेच लागतात, हा त्यातला जुगार.

प्रश्न : टीव्हीचा पैसा सगळ्यांत वाटला जातो ना? मग फरक कुठे पडतो?

उत्तर : राष्ट्रीय प्रक्षेपणाचा समान वाटला जातो. फरक स्थानिक हक्कांत पडतो. लॉस एंजेलिस डॉजर्सचा स्थानिक करार २५ वर्षांचा, आठ अब्ज डॉलरच्या वरचा. छोट्या शहरात तेवढी घरंच नाहीत. त्यात केबल तोडणारे वाढले, आणि बऱ्याच संघांचे हक्क घेतलेल्या डायमंड कंपनीने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मेअखेर सॅन दिएगोचे सामने लीगलाच दाखवावे लागले.

प्रश्न : महसूल-वाटपाचा पैसा मालक खिशात घालतात का?

उत्तर : आधी गणित. प्रत्येक संघ निव्वळ स्थानिक उत्पन्नाचे ४८ टक्के एकत्र टाकतो आणि ती रक्कम ३० सारख्या वाट्यांत विभागली जाते. समजा सरासरी उत्पन्न २० कोटी. मग प्रत्येकाचा वाटा ९ कोटी ६० लाख. ४० कोटीवाला १९ कोटी २० लाख टाकतो, म्हणजे त्यातले निम्मे गमावतो. १० कोटीवाला ४ कोटी ८० लाख टाकतो आणि तेवढेच वर कमावतो. हा पैसा संघ सुधारण्यावर खर्च व्हावा, असा नियम आहे. पण मायनर लीग, खेळाडू हेरणारे स्काउट, डॉमिनिकन रिपब्लिकमधली अकादमी हेही सुधारणेतच धरता येतं. ही पळवाट चांगलीच रुंद आहे. २०१८ मध्ये खेळाडू संघटनेने ओकलंड, पिट्सबर्ग, टॅम्पा बे आणि मायामी यांच्याविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार केली होती.

प्रश्न : मग पगारावर कमाल मर्यादाच का घालत नाहीत?

उत्तर : खेळाडू संघटनेचा कडवा विरोध. १९९४चा संप मालकांच्या याच मागणीवर झाला आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाली. आज आहे तो फक्त कर : २०२५ मध्ये २४ कोटी १० लाख डॉलरच्या वर संघाचा एकूण पगार गेला की लागू. किमान खर्चाचं बंधनही नाही. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. दोन्ही मुद्दे तेव्हा पुन्हा टेबलावर येतील, असा आमचा कयास.