उदास असलेल्या वृद्ध आईला चालायला न्यावे की आराम करू द्यावा?

आपल्या ६८ वर्षांच्या आईचे नैराश्य चालण्याने कमी होईल का, आणि ‘या वयात तिला आराम करू द्या’ हे आपल्या भावाचे म्हणणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. भावाचे म्हणणे चुकीचे आहे. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून दोन वर्षे ऐकले आहे.

माझी आई गेली तेव्हा वडील ७२ वर्षांचे होते. ते रडत नसत. गुडघे दुखतात, झोप लागत नाही, जेवण जात नाही, एवढेच सांगत, त्यामुळे हे नैराश्य आहे हे कळायलाच आम्हाला कित्येक महिने लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायलाही सांगितले. भाऊ फोनवरून आराम करायला सांगे, मी कामावर निघताना ‘थोडे चालून या’ म्हणे. एके दिवशी विसरलेले कागद घ्यायला पाऊण तासाने परतलो, तर वडील पलंगाच्या कडेला बसलेले होते. एक मोजा पायात होता आणि दुसरा हातात. मी निघालो तेव्हाही ते तसेच बसलेले होते. खाली बसून मी दुसरा मोजा चढवला, बूट घातले आणि त्यांना फाटकापर्यंत नेऊन आणले. त्या दिवसापासून रोज बरोबर गेलो. दोन महिन्यांनी एका सकाळी मला उठायला उशीर झाला म्हणून ते माझ्यावर रागावले. आई गेल्यापासून ते कोणावरही रागावले नव्हते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० वर्षांवरील १५६ नैराश्यग्रस्तांवर केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे, गोळ्या घेणारे आणि दोन्ही करणारे जवळजवळ सारखेच सुधारले होते. गोळ्यांचा गुण मात्र लवकर आला. तो व्यायाम आठवड्यातून तीनदा, गटाने आणि देखरेखीखाली होत असे, आणि माझ्या मते सारे मर्म तिथेच आहे. नुसते सांगून नैराश्यग्रस्त माणूस उठत नाही, कोणीतरी बरोबर जावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे. पण आईची सुरुवात दहा मिनिटांनी करा, आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव जमेल तसा जोडा.

चालताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा आई पूर्वी पडली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ‘आता जगून काय करायचे’ असे ती म्हणू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. वडिलांच्याही आम्ही केल्या नव्हत्या. भाऊ आजही म्हणतो की त्यांना गोळ्यांनीच बरे वाटले. गोळ्यांचा वाटा मी नाकारत नाही. परंतु त्या मोज्याच्या सकाळपूर्वी चार महिने गोळ्या नियमित चालू होत्या, आणि त्या चार महिन्यांत वडील एकदाही फाटकापर्यंत गेले नव्हते.