'गेट' या इंग्रजी क्रियापदाचे नेमके किती अर्थ आहेत आणि ते सगळे पाठ कसे करायचे?

तुम्ही लिहिलंय की आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासमध्ये 'गेट'च्या अर्थांची छापील यादी दिलीय, ती काही केल्या पाठ होत नाही, आणि तेच सर म्हणतात की बोलताना 'गेट' वापरू नका, मार्क जातात. जो शब्द वापरायचाच नाही, त्याची यादी पाठ कशाला करायची? हे विचारलंत का त्यांना?

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते, बरीच वर्षं घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. माझं स्पष्ट मत आहे, ती यादी बाजूला ठेवा.

किती अर्थ, हे कोश करणारा किती बारीक चिरतो त्यावर असतं. डॉ. जॉन्सन या इंग्रज कोशकारांनी 1755च्या कोशात 'टेक'चे 134 अर्थ दिले. ऑक्सफर्डच्या 1989च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सगळ्यात लांब होती, पुढे संपादकांनी 'रन'चे 645 अर्थ काढले. अर्थ सुटे करून मांडणं हे कोशकाराचं कामच आहे. पण बोलणारा माणूस ते मोजून बोलत नाही. आपलं 'लागणे' बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो, दार लागतं, चहा गोड लागतो, पोर रडायला लागतं, आणि आपल्याला जावं लागतं. याची यादी तुम्हाला लहानपणी कोणी दिली होती? माझ्याकडे गुजराती माध्यमाची मुलं येतात, त्यांना मी 'भूख लागी' आणि 'मने लागे छे' (म्हणजे 'मला वाटतं') शेजारी शेजारी ठेवून दाखवते. लगेच समजतं.

माझ्या भाचीच्या बाबतीत हेच झालं होतं. शाळा गुजराती माध्यमाची, घरी मराठी, इंग्रजी बेताचं पण चुकीचं नाही. अलकापुरीतल्या एका क्लासनं तिला तुमच्यासारखीच यादी दिली आणि 'गेट' हा आळशी माणसाचा शब्द आहे असं सांगितलं. परीक्षेला महिना राहिला तेव्हा ती माझ्याकडे आली. मी सरावाला विषय दिला, घरावर आलेली एखादी अडचण सांग. तिनं 2024च्या ऑगस्टमधला बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचा पूर घेतला. त्यांचं घर समा भागात, खालचा मजला पाण्यात गेला होता. मराठीत तिनं मला ते एका दमात सांगितलं, ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तेच इंग्रजीत सांगायला बसली आणि दुसऱ्याच वाक्याला अडकली. पाणी घरात शिरलं याला भारी शब्द कोणता? अंधार पडायला लागला याला कोणता? प्रत्येक ठिकाणी तिच्या तोंडाशी 'गेट' येत होता आणि ती तो गिळत होती. दूध मिळालं नाही याला तिनं 'प्रोक्युअर' आणलं. पुराच्या दिवशी घरातलं कोणी दूध 'प्रोक्युअर' करत नाही! मला त्या क्लासचा मनापासून राग आला, अजून येतो.

मी तिला म्हटलं, आज फक्त 'गेट'च वापर. मग काय काय निघालं बघा. वॉटर गॉट इन्टू द हाउस. इट वॉज गेटिंग डार्क. वी गॉट द फ्रिज ऑन्टू द टेबल. आजी वर यायला तयार नव्हती, शेवटी वी गॉट हर टू कम अपस्टेअर्स. वी कुडन्ट गेट मिल्क. द स्कूटर गॉट डॅमेज्ड, आणि नंतर वी गॉट इट रिपेअर्ड. गल्लीच्या पाण्यात मगर आली होती, ती बाल्कनीतून दिसली, आय गॉट टू सी अ क्रोकोडाइल.

मराठीत शिरलं, पडायला लागला, चढवला, राजी केलं, मिळेना, दुरुस्त करून घेतली, बघायला मिळाली. इंग्रजीत एकच क्रियापद. अर्थ त्याच्या पुढे काय येतं त्यावर ठरतो. पुढे वस्तू आली तर मिळणं किंवा आणणं. विशेषण आलं तर होणं. जागा आली तर पोचणं किंवा शिरणं. क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर आपल्यावर काही तरी ओढवणं, आणि मध्ये वस्तू घालून तिसरं रूप आलं तर ते काम दुसऱ्याकडून करून घेणं. मध्ये माणूस आणि मग 'टू' आलं तर त्याला राजी करणं. नुसतं 'टू' आणि क्रियापद आलं तर संधी मिळणं. एवढं कळलं की यादीतलं बरंचसं आपोआप जागेवर बसतं.

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. मधल्या भागात एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटांपर्यंत एकट्यानं बोलायचं. गुण चार गोष्टींवर, त्यातली पहिलीच ओघ. भारी शब्दासाठी थांबलात की ओघ गेला. भाचीला बोलण्यात सात बँड, म्हणजे नऊपैकी सात, मिळाले.

आमचे मोठे भाऊजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांना हे अजून मान्य नाही. त्यांच्याकडे वजनदार शब्दांची वही आहे, घराण्यातल्या प्रत्येक मुलानं ती उतरवून घेतलीय. दर दिवाळीला हा वाद होतो. एकदा ते म्हणाले, सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली 'शासनशब्दकल्पतरू' निघाला, एकेका इंग्रजी शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत प्रतिशब्द दिले, मग 'गेट'ला एक पक्का शब्द का नको? त्या ग्रंथाबद्दल मला आदरच आहे. पण तो राज्यकारभाराच्या संज्ञांचा. हुद्दा, खातं, कर यांना एक ठरलेला शब्द लागतोच, नाहीतर कारभार चालणार कसा. 'गेट' ही संज्ञा नाही. आणि तो हलका शब्द आहे, हेही मी ऐकून घेणार नाही. स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या भाषेतून तो आला आणि शेकडो वर्षं तिथल्या घराघरात आहे.

एक सांगायचं राहिलं. 'गेट ओव्हर', 'गेट अलाँग', 'गेट अवे विथ' अशा जोड्यांचा अर्थ पुढच्या शब्दावरून लागत नाही. त्या शिकाव्याच लागतात, पण स्वतःच्या आयुष्यातलं वाक्य करून, रोज थोड्या. 'गेट'चं 'गॉटन' हे तिसरं रूप अमेरिकन आहे, चूक नाही. आणि लेखी परीक्षेतल्या निबंधात 'गेट' खरंच कमी ठेवा, तिथे 'रिसीव्ह', 'बिकम', 'ऑब्टेन' शोभतात. मित्राला पत्र लिहायचं असेल तर मात्र 'गेट' चालतो.

भाऊजी हे वाचतीलच. निबंधापुरतं तुमचं खरं, भाऊजी, पण बोलण्याच्या परीक्षेला निघालेल्या मुलांच्या हातात ती वही देऊ नका.