ईएसपी (विजेच्या भाराने राख पकडणारी यंत्रणा) बसवूनही कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमणीतून धूर दिसतो. तो कमी कसा करायचा?

आधी धुराचा रंग बघा. थोड्या अंतरावर हवेत विरून जाणारा पांढरा लोट ही बहुतेक वेळा वाफ असते. लांबवर टिकणारा करडा पट्टा म्हणजे राख. तसं असेल तर नवीन यंत्रणेच्या खर्चात पडण्याआधी मी ईएसपीचे हॉपर (खाली राख गोळा होते ते नरसाळ्यासारखे डबे) तपासेन.

ईएसपीत तारांना ४० ते ७० हजार व्होल्टचा ऋण विद्युत दाब देतात. राखेचे कण भारित होऊन प्लेटांना चिकटतात आणि हातोड्यांच्या ठोक्यांनी खाली हॉपरमध्ये पडतात. हॉपर वेळेवर रिकामा झाला नाही की राख साचत तारांपर्यंत चढते आणि ते फील्ड (ईएसपीच्या एकामागोमाग असलेल्या कप्प्यांपैकी एक) शॉर्ट होऊन ट्रिप होतं. सगळ्यात जास्त राख पहिल्या फील्डमध्ये पडते, त्यामुळे तुंबतंही तेच आधी. हॉपरचे हीटर बंद असतील तर राख ओल धरते, तिचे गोळे होतात आणि मग ती खाली उतरतच नाही. कार्यक्षमता ९९.९ टक्क्यांवरून ९९.८ वर आली तर कागदावर फरक दिसत नाही, पण बाहेर जाणारी राख दुप्पट झालेली असते!

हॉपर ठीक असतील तर कोळसा बदललाय का ते विचारा. कमी गंधकाच्या कोळशाने सल्फर डायऑक्साइड घटतो, पण राखेचा विद्युत रोध वाढतो. मग प्लेटवरच्या राखेच्या थरातच विद्युत विसर्जन सुरू होतं (बॅक कोरोना). करंट चढतो, व्होल्टेज पडतं, राख निसटते. यावर वायूचं तापमान १५० अंशांवरून १३० च्या आसपास आणणं, खंडित चार्जिंग (वीज थांबून थांबून देणं) किंवा वायूत सल्फर ट्रायऑक्साइडची १०-२० पीपीएम (दहा लाख भागांत १०-२० भाग) मात्रा हे उपाय आहेत. हातोड्यांचे ठोके वाढवून उपयोग नाही; थर जाड व्हायच्या आत झटकला तर राख भुकटी होऊन परत उडते.

ईएसपी फक्त धूळ धरते. सल्फर डायऑक्साइडसाठी एफजीडी लागते, म्हणजे चुनखडीच्या पाण्याचा फवारा. १ किलो सल्फर डायऑक्साइडला साधारण १.६ किलो शुद्ध चुनखडी लागते आणि सुमारे २.७ किलो जिप्सम निघतं. या पाण्याचा पीएच ५ ते ६ मध्ये ठेवा. त्याखाली वायू नीट शोषला जात नाही, वर गेला तर चुनखडी न विरघळताच जिप्सममध्ये जाते.

नायट्रोजन ऑक्साइडसाठी सुरुवात बर्नरपासून करा: लो-नॉक्स बर्नर, आणि थोडी हवा ज्वाळेच्या वरून. मात्र हवा फार तोडली तर राखेत न जळलेला कार्बन वाढतो. एवढ्याने भागलं नाही तर एससीआर: ३०० ते ४०० अंशांना उत्प्रेरकावर अमोनिया वापरून नायट्रोजन ऑक्साइड तोडायचे. इथे अमोनिया जास्त झाला की पुढे एअर प्रीहीटरमध्ये (भट्टीत जाणारी हवा तापवणाऱ्या यंत्रात) अमोनियम बायसल्फेटचा चिकट थर बसतो. प्रीहीटरचा दाब-फरक चढू लागला तर अमोनियाची फवारणी सगळीकडे सारखी पडतेय का ते आधी बघा.