हवाईतील सर्फिंग का ओसरले आणि मुंबईत ते का रुजले नाही?

प्रश्न : ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हवाई बेटांवरील सर्फिंगवर बंदी घातली आणि पुढे अमेरिकी लोकांनी ते पुन्हा सुरू केले, असे वाचनात आले. हे कितपत खरे आहे? जुहू-वर्सोव्याला समुद्र असूनही हा खेळ आपल्याकडे का आला नाही?
– एक वाचक, वर्सोवा, मुंबई

उत्तर : ‘बंदी’ या एका शब्दात हवाईचा मोठा शोकान्त इतिहास झाकला जातो, म्हणून पहिल्या प्रश्नाला अधिक जागा देतो.

हवाईच्या भाषेत या खेळाला ‘हेए नालू’, म्हणजे लाटेवरून घसरत जाणे, असे म्हणतात. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली केआलाकेकुआ उपसागरात फळ्यांवरून लाटांवर स्वार होणारे बेटवासी पाहिले आणि त्यांचे वर्णन लिहून ठेवले. खेळ स्त्री-पुरुष, थोर-लहान अशा सर्वांचा होता. मात्र ‘ओलो’ ही लांबलचक, जड फळी सरदारांची, तर ‘अलाया’ ही आखूड, पातळ फळी सर्वसामान्यांची असे. १८१९ साली राजघराण्यानेच ‘कापू’ ही जुनी धर्मनियमांची चौकट मोडली आणि खेळांचा मोठा उत्सव असलेल्या मकाहिकीचा आधार गेला. पुढच्याच वर्षी मिशनरी आले. उघडी अंगे, स्त्री-पुरुषांचे एकत्र पोहणे आणि लाटांवर लागणाऱ्या पैजा त्यांना खटकत. त्यांच्यातील प्रमुख हायरम बिंगम याने १८४७ साली, खेळ मागे पडला तो लोकांत वाढलेली मर्यादशीलता, उद्योगशीलता आणि धर्मभावना यांमुळे, असे प्रतिपादन केले.

मला हे स्पष्टीकरण पटत नाही, आणि सगळा दोष मिशनऱ्यांच्या माथी मारणेही पटत नाही. किंगने बेटांची लोकसंख्या सुमारे ४ लाख अंदाजली होती. नंतरच्या अभ्यासकांचे आकडे वेगवेगळे आहेत, पण १८९० च्या शिरगणतीत मिश्र वंशाचे लोक धरूनही मूळ हवाईवासी जेमतेम ४० हजार उरले होते, हे निश्चित. बाहेरून आलेल्या गोवर, देवी यांसारख्या साथींनी गावेच्या गावे रिकामी केली. फळ्या घडवणारे आणि त्यांवर उभे राहणारे लोकच तिथे राहिले नाहीत.

तरीही खेळ पूर्ण मेला नव्हता, आणि तो अमेरिकी लोकांनी जिवंत केला हे म्हणणे अर्धवट आहे. १९०८ साली हवाईतील वाइकिकी किनाऱ्यावर सर्फिंगसाठी स्थापन झालेल्या आउटरिगर कनू क्लबमागे गोऱ्या मंडळींचा पुढाकार होता, हे खरे. पण त्याआधी, १८८५ सालीच, हवाईच्या तीन राजपुत्रांनी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे फळ्या समुद्रात उतरवल्या होत्या. १९०७ साली हवाईतीलच जॉर्ज फ्रीथ याने ती कला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लोकांसमोर आणली. हवाईच्याच ड्यूक कहानामोकू याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले आणि १९१४-१५ च्या सुमारास सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर दाखवलेल्या प्रात्यक्षिकांनी ऑस्ट्रेलियाला सर्फिंगचे वेड लावले.

आता मुंबईविषयी. आपल्यासमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत पसरलेला असल्याने दूरवरून येणाऱ्या लाटांचे बळ तळाशी घासून वाटेतच घटते. पावसाळ्यात लाटा उसळतात खऱ्या, पण जवळच्याच वाऱ्याने ढवळलेल्या त्या लाटांना ना शिस्त असते ना लय. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात ते उगाच नव्हे. भारतातील सर्फिंग २००४ नंतर कर्नाटकातील मुळकी येथे आणि पुढे चेन्नईजवळील कोवलम येथे वाढले. कोवलमला तर मच्छीमार कुटुंबांतील तरुणांनीच ते आपलेसे केले. आपल्या घरातील कोणाला शिकायचे असेल, तर त्याने मुळकी गाठावे. जुहूच्या पावसाळी उधाणात मात्र फळी घेऊन मुळीच उतरू नये.